हॉट सीट लिहिणारा माणूस

स्टीव्हन नाइट हा ब्रिटिश लेखक आपल्याकडे ओळखला जातो तो 'पीकी ब्लाइंडर्स' या बर्मिंगहॅमच्या टोळीवरच्या मालिकेमुळे. ज्या खेळावरून 'कौन बनेगा करोडपती' आला, त्याच्या तीन जनकांपैकी तो एक आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. ज्यांना ठाऊक असतं, तेही ते पोटापाण्यासाठी केलेलं काम म्हणून बाजूला ठेवतात आणि मग 'खऱ्या' लेखक-दिग्दर्शकाबद्दल बोलू लागतात. मला ही वाटणी अजिबात मान्य नाही. नाइटचं नाट्य त्या खेळाच्या खुर्चीतच जन्माला आलं आणि त्याचा सगळ्यात चांगला सिनेमा त्याच खुर्चीवर उभा आहे, असं माझं ठाम मत आहे.

वडील घोड्यांना नाल ठोकणारे, पोरगा बर्मिंगहॅममध्ये वाढलेला. आधी जाहिराती, मग लंडनच्या कॅपिटल रेडिओत नोकरी, मग माइक व्हाइटहिलबरोबर जोडीनं टीव्हीसाठी विनोदी लेखन. डेव्हिड ब्रिग्ज हा तिसरा. रेडिओवरच्या फोन-इन स्पर्धांच्या अनुभवातून या तिघांनी खेळ रचला आणि ४ सप्टेंबर १९९८ ला तो आयटीव्ही या ब्रिटिश वाहिनीवर आला. 'कॅश माउंटन' हे त्याचं आधीचं नाव, म्हणजे पैशांचा डोंगर. नाइट वडिलांची एक आठवण नेहमी सांगतो. लहानपणी ते अनवाणी, निरोप घेऊन काकांच्या घरी गेले. दार उघडलं तर टेबलाभोवती झकपक कपड्यांतले लोक, टेबलावर नाण्यांचा ढीग, आणि बिअर मात्र जॅमच्या बरण्यांतून पिणं चाललेलं. पेल्यांवर कोण पैसे घालवणार! 'पीकी ब्लाइंडर्स' या आठवणीतून आली हे तो स्वतःच सांगतो. पैशाच्या ढिगासमोर उभं राहिलेलं साधं माणूस मला मात्र त्याच्या खेळातही दिसतं.

खेळाची रचना नीट बघा. प्रश्न समोर येतो, चार पर्याय दिसतात, आणि त्यानंतरही तुम्ही मिळालेली रक्कम घेऊन उठू शकता. मूळ खेळात उत्तरासाठी घड्याळ नव्हतं. म्हणजे विचार करायला वेळ आहे, निघून जायला वाट आहे, मदतीला मित्राचा फोन आहे, तोही फक्त ३० सेकंद. पडायचं तर माणूस स्वतःच्या निर्णयानं पडतो. इथे सामान्यज्ञानाइतकाच स्वभावही पणाला लागतो. म्हणूनच २०१९ मध्ये शाळेत खिचडी शिजवणाऱ्या अमरावतीच्या बबिता ताडे त्या खुर्चीत बसून एक कोटीपर्यंत गेल्या, तेव्हा आपण त्यांच्या उत्तरांइतकाच त्यांचा चेहरा वाचत होतो. ही लेखकाची करामत आहे. श्रेय मात्र सगळं सूत्रसंचालकाला जातं.

आता 'लॉक' हा सिनेमा बघा. २०१३ चा, नाइटनं लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला. पडद्यावर एकटा टॉम हार्डी, रात्री बर्मिंगहॅमहून लंडनला गाडी चालवतोय. बाकी सगळी पात्रं फक्त फोनवर. सकाळी त्याच्या साइटवर एका अवाढव्य इमारतीच्या पायाचं काँक्रीट ओतायचंय आणि हा तिथे नसणार. लंडनमध्ये एक बाई बाळंत होतेय, मूल याचं, एका रात्रीच्या संबंधातून राहिलेलं. बायकोला सांगायचंय. घरी पोरं मॅच बघत बाबाची वाट बघतायत. एकेका फोनबरोबर नोकरी जाते, घर जातं. तरी नोकरीवरून काढलेला हा माणूस हाताखालच्या डोनलला काँक्रीट कसं तपासायचं, रस्ता बंद करायची परवानगी कुठून आणायची, हे शांतपणे सांगत राहतो. गाडी वळवून मागे फिरायची वाट शेवटपर्यंत उघडी असते, आणि तो फिरत नाही.

एक खुर्ची, एक फोन, उघडं दार, वाढत जाणारी किंमत. आणखी काय पुरावा हवा? चित्रीकरणही तसंच केलं: गाडी ट्रेलरवर, बाकीचे कलाकार हॉटेलात बसून खरोखरचे फोन लावतायत, आणि रात्रीमागून रात्र अख्खा सिनेमा सलग.

सगळंच जमलंय असं नाही. मुंबईतून फ्रान्सला गेलेल्या कुटुंबाची 'द हंड्रेड-फूट जर्नी' त्यानं लिहिली. ओम पुरी सोडले तर मला ती फारच गोडमिट्ट वाटली. २०१९ ची 'सेरेनिटी' तर फसलीच. पण 'डर्टी प्रिटी थिंग्ज'चा ओक्वे आठवा. लंडनच्या हॉटेलात रात्रपाळी करणारा नायजेरियन डॉक्टर, त्याला संडासात माणसाचं हृदय सापडतं आणि कागदपत्रं नसल्यानं पोलिसांकडे जाता येत नाही. इथेही पर्याय समोर ठेवलेले, आणि प्रत्येकाची किंमत माहीत. या पटकथेला ऑस्करचं नामांकन होतं.

बाँडचा पुढचा सिनेमा नाइट लिहिणार असं २०२५ मध्ये जाहीर झालंय. पाठलाग, स्फोट, बर्फाचे डोंगर लिहिणारे पुष्कळ आहेत. त्यानं बाँडला निदान दहा मिनिटं तरी एका जागी बसवावं, हातात फोन द्यावा आणि दार उघडं ठेवावं, एवढीच माझी मागणी आहे.