थर्मोस्टॅट कुठं गेला, कोणी सांगन का मले?

"गाडीदुरुस्ती शिकायला जुनी गाडी सोपी असते." हे वाक्य पहिल्यांदा ज्याने कोणी उच्चारलं, त्याला नवतप्याच्या, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांतल्या, भर दुपारी माझ्या मारुती ८०० च्या बॉनेटसमोर उभं करायचंय. डोक्याला दुपट्टा नाही, खिशात कांदा नाही, काही नाही.

गाडी १९९७ ची, बाबांची, एमएच-३१ पासिंग. आणि इंजिन सोपं आहे, त्यात वादच नाही. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, कार्बोरेटर, ना सेन्सर ना कॉम्प्युटर. बॉनेट उघडलं की हात घालायला जागाच जागा. पण मी ते इंजिन शिकूनच नाही राहिलो ना भाऊ! मी शिकून राहिलोय ते गेल्या पंचवीसहून जास्त वर्षांत या गाडीवर हात साफ करून गेलेल्या मिस्त्र्यांचे पराक्रम.

गाडी तापायची. नागपूरच्या व्हरायटी चौकाच्या सिग्नलला उभी राहिली की काटा लाल पट्टीकडे सरकायचा. दुरुस्तीचा व्हिडिओवाला सांगतो, आधी थर्मोस्टॅट बघा, म्हणजे इंजिनातून रेडिएटरकडे (पाणी थंड करणाऱ्या जाळीकडे) जाणारं पाणी अडवणारा-सोडणारा व्हॉल्व्ह; हाउसिंगचे बोल्ट काढा, झाकण उचला, आत बसलेला दिसेल. उचललं झाकण. आत काही नाही. रिकामं भोक! कोण्या एका महाभागाने कधीतरी तो काढून फेकला, वर पॅकिंगच्या जागी बोटभर सिलिकॉन थापलं आणि बाबांकडून पैसे घेऊन गाडी रवाना केली. चौकातल्या मिस्त्रीला विचारलं तर तो छाती फुगवून सांगतो, "आपल्या नागपूरच्या उन्हात थर्मोस्टॅट कायले लागते? आम्ही तर सगळ्या गाड्यांचे काढूनच टाकतो."

सगळ्या गाड्यांचे! अरे बावा, तो साधा व्हॉल्व्ह आहे. आतलं मेण तापून फुगलं की तो उघडतो, साधारण ८२ अंशांच्या आसपास. म्हणजे इंजिन तापलं की तो उघडाच असतो. खराब होऊन बंदच अडकला असेल तर नवा टाका, पण काढून टाकल्याने तुंबलेला रेडिएटर मोकळा होतो का? नाही होत. उलट डिसेंबरच्या थंडीत इंजिन लवकर गरमच होत नाही, चोक ओढून बसा आणि पेट्रोल जाळा. रेडिएटर तुंबला कशानं, तर कूलंटच्या (गंज न धरू देणाऱ्या द्रवाच्या) जागी वर्षानुवर्षं नळाचं पाणी भरल्यानं. लोखंडी ब्लॉक, ॲल्युमिनियमचा हेड, त्यात साधं पाणी. गंजणार नाही तर दुसरं काय होणार? खालचा पाइप काढला तेव्हा टपरीवरच्या उकळून काळ्या झालेल्या चहासारखं काहीतरी बाहेर आलं.

रेडिएटरच्या पंख्याची तर वेगळीच कथा. तो आपोआप सुरू व्हायला थर्मो स्विच असतो. माझ्या गाडीत त्याच्या वायरी कापलेल्या, आणि डॅशबोर्डखाली घरातल्या बत्तीचं बटण. होय, भिंतीवरचं, पांढरं! बाबा मला अभिमानाने सांगायचे की सिग्नल आला की बटण दाबायचं. वायरिंग डायग्राममध्ये प्रत्येक वायरीला रंग असतो म्हणे. माझ्याकडे एकच रंग आहे, काळ्या टेपचा. एक वायर शोधत शोधत मागच्या सीटपर्यंत गेलो, तर ती कधीकाळच्या स्पीकरची निघाली.

आणि बोल्ट! १२ चा बोल्ट, त्याला आधी कोणी १३ चा पाना लावून घासला, मग पक्कड लावली, मग छिन्नी. आता त्याला कोपरेच उरले नाहीत. व्हिडिओवाल्याचा बोल्ट दोन बोटांनी निघतो, कारण त्याच्या गाडीला आमचे उस्ताद भेटलेले नसतात.

नवा थर्मोस्टॅट आणायला सामानाच्या दुकानात जा. काउंटरवरचा पहिला प्रश्न, "टाइप वन की टाइप टू?" आपण अडखळलो की त्याला कळतं, हा मिस्त्री नाही. मग मिस्त्र्यांची पोरं मागून येऊन सामान घेऊन जातात आणि आपण उभेच. शेवटी डबी पुढे सरकते. "यही लगता है भैया, आँख बंद करके ले जाओ." घरी येऊन बघावं तर भोकंच जुळत नाहीत. परत घेणार? "इलेक्ट्रिकचं अन् खोललेलं सामान वापस नाही होत." थर्मोस्टॅट कधीपासून इलेक्ट्रिकचा झाला?

कोणाकडे शिकायला जावं म्हटलं तर, "गाडी सोडून जा, संध्याकाळी घेऊन जा." मी बघत उभा राहिलो की हात थांबतात, चहा मागवला जातो. सोसायटीतले काका तर रोज गेटवरून हाक देतात, "काऊन तरास करून घेतो बाबू? भंगारात दे ना!" एप्रिल २०२२ मध्ये पंधरा वर्षांवरच्या कारच्या पुन्हा नोंदणीची फी ६०० वरून ५००० झाली, तेव्हापासून काकांना जरा जास्तच चेव आलाय. काका, गाडीत खोट नाही हो. गाडीला हात लावलेल्यांत आहे.

काढायचं तर काढा, कापायचं तर कापा, पण एक चिठ्ठी तरी लिहा ना रे! सर्व्हिस बुकात इतकी कोरी पानं आहेत. "थर्मोस्टॅट काढला, पंखा डायरेक्ट केला." दोन ओळी. पुढच्याचे पंधरा रविवार वाचतील.

हे सगळं त्याच चौकातल्या मिस्त्रीला एकदा ऐकवलं. त्याने हात पुसले, शांतपणे खर्रा तोंडात टाकला आणि म्हणाला, "पण चालली ना इतकी वर्षं?"