‘तापमानवाढ गरीब-श्रीमंत पाहत नाही’ या दाव्यात काय चुकते आहे

‘तापमानवाढ गरीब-श्रीमंत पाहत नाही, तिचा फटका सगळ्या देशांना सारखाच बसतो’ अशा अर्थाचा एक मजकूर सध्या बराच फिरतो आहे. त्यात चार मुद्दे मांडले आहेत: उत्तरेकडचे श्रीमंत देशच अधिक वेगाने तापत आहेत, वादळांत सर्वाधिक नुकसान अमेरिकेचे होते, गरीब देशांची अर्थव्यवस्था वाढतेच आहे, म्हणजे उष्णतेने त्यांचे काही बिघडलेले नाही, आणि श्रीमंत देशांनी कबूल केलेले पैसे देऊन टाकले आहेत. प्रत्येक मुद्द्यात थोडे तथ्य आहे, त्यामुळेच मजकूर पटकन पटतो. मात्र त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

पहिला मुद्दा घेऊ. ध्रुवाकडचे प्रदेश विषुववृत्ताजवळच्या प्रदेशांपेक्षा वेगाने तापत आहेत, हे खरेच आहे. परंतु तापमान किती अंशांनी वाढले यावरून हानी ठरत नाही. ते मुळात किती होते, यावर ती अधिक अवलंबून असते. अर्थशास्त्रज्ञ मार्शल बर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 मध्ये दाखवून दिले, की वार्षिक सरासरी तापमान सुमारे 13 अंश सेल्सिअस असते तेव्हा देशाची आर्थिक उत्पादकता सर्वाधिक असते. जे देश त्याहून थंड आहेत, ते थोडे तापले तर या टप्प्याच्या जवळ येतात. जे आधीच उष्ण आहेत, ते प्रत्येक अंशागणिक त्यापासून दूर जातात. बहुतेक गरीब देश या दुसऱ्या गटात मोडतात.

याचा अर्थ शेतात राबणाऱ्या माणसाच्या शरीरावर पाहावा. घाम सुकतो तेव्हाच अंग थंड होते. हवा दमट असेल तर घाम अंगावरून नुसता निथळत राहतो, नाडी जोरात चालते, डोके गरगरते आणि हातातले काम टाकून सावली गाठावी लागते. रोजंदारीवर जगणाऱ्याने काम थांबवले की मजुरी बुडते, आणि न थांबवले तर जिवावर बेतते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या 2018 च्या अहवालानुसार जगातल्या सर्वांत उष्ण भागांत राहणाऱ्या 280 कोटी लोकांपैकी अवघ्या 8 टक्क्यांकडे एसी होता, तर अमेरिका आणि जपानमध्ये 90 टक्क्यांहून अधिक घरांत तो होता. श्रीमंत देशांत उष्णतेने माणसे मरत नाहीत, असे मला म्हणायचे नाही. 2003 च्या उन्हाळ्यात युरोपात 70 हजारांहून अधिक माणसे दगावली. पण पुढच्याच वर्षी फ्रान्सला देशव्यापी उष्मा-आराखडा उभारता आला. त्यासाठी लागणारे दवाखाने, कर्मचारी आणि पैसा त्याच्यापाशी होता.

दुसरा मुद्दा डॉलरमधल्या नुकसानीचा आहे, आणि सर्वाधिक दिशाभूल तोच करतो. 2017 मध्ये हार्वे चक्रीवादळाने अमेरिकेचे सुमारे 125 अब्ज डॉलरचे नुकसान केले. ही रक्कम त्या देशाच्या वार्षिक राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्क्याहूनही कमी होती. त्यानंतर काही आठवड्यांतच, 18 सप्टेंबरला, मारिया हे वादळ कॅरिबियन समुद्रातल्या डोमिनिका या सुमारे 70 हजार वस्तीच्या बेटावर धडकले. बेटावरच्या बहुतेक घरांचे नुकसान झाले; पंतप्रधानांच्या निवासस्थानाचेही छप्पर उडाले. नुकसान भरले सुमारे 1.3 अब्ज डॉलर, म्हणजे हार्वेच्या जवळपास एक टक्का. मात्र डोमिनिकाच्या वार्षिक उत्पन्नाशी ताडले तर ते 226 टक्के होते. सव्वादोन वर्षांची देशाची सगळी कमाई एका रात्रीत गेली. केवळ डॉलर मोजणाऱ्याला यात हार्वेच मोठे दिसणार, कारण गरिबाचे घर स्वस्त असते. माणसांचे प्राण मोजले की चित्र पालटते: 2010 ते 2020 या काळात पूर, दुष्काळ आणि वादळांमुळे होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सर्वाधिक असुरक्षित प्रदेशांत सर्वांत सुरक्षित प्रदेशांच्या 15 पट होते, असे आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीचा 2022 चा अहवाल सांगतो.

तिसरा मुद्दा थोडक्यात निकालात निघतो. गरीब देश वाढले, हे मान्य. प्रश्न असा आहे, की तापमानवाढ नसती तर ते किती वाढले असते. हवामानशास्त्रज्ञ नोआ डिफेनबॉ आणि बर्क यांच्या 2019 च्या अभ्यासाने 1961 ते 2010 या काळासाठी नेमके हेच तपासले. त्यांच्या अंदाजानुसार सर्वांत श्रीमंत आणि सर्वांत गरीब देशांमधली दरी तापमानवाढीमुळे सुमारे 25 टक्के अधिक रुंद राहिली. या काळात दरी कमी झाली हे खरे, पण ती याहून बरीच कमी झाली असती.

राहिला पैशांचा मुद्दा. हवामानबदलाला तोंड देण्यासाठी विकसनशील देशांकरता 2020 पर्यंत वर्षाला 100 अब्ज डॉलर उभे करू, असे वचन श्रीमंत देशांनी 2009 मध्ये कोपनहेगनला दिले होते. त्यांच्याच ओईसीडी या संघटनेच्या हिशेबानुसार ते पहिल्यांदा पाळले गेले 2022 मध्ये, आणि त्यातल्या सरकारी निधीचा मोठा भाग अनुदान नव्हे, तर कर्ज होता. आजवरच्या कार्बन उत्सर्जनात एकट्या अमेरिकेचा वाटा सुमारे एक-चतुर्थांश आहे आणि संपूर्ण आफ्रिका खंडाचा सुमारे 3 टक्के. त्याच आफ्रिकेतल्या मोझांबिकमध्ये मार्च 2019 मध्ये इडाई चक्रीवादळाने बेइरा शहराची दाणादाण उडवली. हा देश आधीच कर्जाच्या संकटात होता. पुढच्या महिन्यात त्याला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून सुमारे 118 दशलक्ष डॉलर मंजूर झाले. ते बिनव्याजी होते, पण होते कर्जच, आणि ते फेडायचे आहे मोझांबिकला.