कॉम्प्युटर घेताय? जरा दमानं!

ऐकलं, तुम्ही नवा कॉम्प्युटर घ्यायला निघालात. बसा, पाणी प्या. पुढच्या पिढीचा प्रोसेसर येतोय, हे कोणी सांगितलं नाही का? इंटेलचा पँथर लेक दाखवून दुकानदार भुलवेल, पण त्यामागून नोव्हा लेक येतोय. हापूस दारात यायच्या बेतात असताना तोतापुरीवर पोट भरणार का?

थांबायचं कसं, ते माझ्याकडून शिका. 2015 साली इंटेलचा 14 नॅनोमीटरचा स्कायलेक प्रोसेसर आला. हा आकडा चिप बनवण्याच्या तंत्राचा; जितका लहान, तितकं तंत्र नवं. म्हटलं, 10 नॅनोमीटर येऊ दे, मग बघू. त्यानंतर डेस्कटॉपवर आले केबी लेक, कॉफी लेक, कॉमेट लेक आणि 2021 मध्ये रॉकेट लेक. सगळे 14चेच! तळी बदलली, पाणी तेच. 14 पुढची अधिकची चिन्हं तेवढी वाढली. त्याच वर्षी इंटेलनं सुधारित 10 नॅनोमीटरचं नाव बदलून ‘इंटेल 7’ ठेवलं. दहावीत रखडलेल्या पोराचा दाखलाच बदलून आणावा, तसं. इतकी वर्षं थांबून असला दाखला कोण घेतो? मी नाही घेतला.

आता इंटेलचं नवं तंत्र, 18ए. ए म्हणजे अँगस्ट्रॉम, अर्थात 1.8 नॅनोमीटर. पण फुटपट्टी घेऊन चिपमध्ये 1.8 शोधायला जाऊ नका, हा आकडा तिच्यातल्या कुठल्याच भागाचं माप नाही. फ्लॅटच्या जाहिरातीत ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ असतं ना, तसा वाचायचा.

थांबण्याचं चीज होत नाही, असं कोण म्हणतं? 4 गिगाहर्ट्झ वेगाचा पेंटियम 4 प्रोसेसर रद्द झाला तेव्हा, 2004 साली, इंटेलचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी भर सभेत गुडघे टेकून माफी मागितली होती. घाई करणाऱ्याच्या नशिबी कुठलं असं दर्शन?

शिवाय आता एनपीयू, म्हणजे एआयची गणितं करणारा चिपमधला खास भाग, बघितल्याशिवाय घेऊच नका. मायक्रोसॉफ्टच्या ‘कोपायलट प्लस’ कॉम्प्युटरला सेकंदाला 40 लाख कोटी गणितं करणारा एनपीयू लागतो. आपल्याला मेंटेनन्सची बेरीज करायची असते, 32 फ्लॅटची. उद्या एखादा तेहतिसावा निघाला तर?

तोवर सोसायटीचा हिशेब खजिनदार काकांकडेच राहू द्या. त्यांनी 2015 साली घाईघाईत स्कायलेक घेतला होता. अजून त्याच्यावरच करतात, बिचारे.