टूलबारची ओळख शेवटी का ठेवली

ऑनलाइन फोटो एडिटिंगवर नवशिक्यांसाठी मराठीत एक मोफत मार्गदर्शिका लिहायला घेतली आहे, हे इथल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे. मसुदा वाचलेल्या काही मित्रांचा आक्षेप असा की त्यात टूलबारची ओळख फार उशिरा येते. हा क्रम मी जाणूनबुजून ठेवला आहे.

बहुतेक मार्गदर्शिका पहिल्याच पानावर पडद्याचे चित्र छापतात, त्यावर बाण काढतात आणि डावीकडची सगळी बटणे एकेक करून समजावतात. वाचणारा दोन-तीन पानांत कंटाळतो, आणि सॉफ्टवेअर अद्ययावत झाले की त्या बाणांना काही अर्थ उरत नाही. शिवाय मी ज्यांच्यासाठी लिहितो आहे, त्यांची नड निराळी आहे. नागपुरातल्या अभ्यासिकांमध्ये बसून बँकेच्या परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींना जाहिरातीचे पोस्टर करायचे नसते, अर्ज भरायचा असतो. आयबीपीएस या बँकभरतीची परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या अर्जाला फोटो २०० × २३० पिक्सेलचा (पिक्सेल म्हणजे चित्रातला एक ठिपका) आणि २० ते ५० केबीचा (केबी म्हणजे फाइलचे वजन) लागतो, तर सही १४० × ६० पिक्सेलची आणि १० ते २० केबीची. मोबाइलमधला साधा १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे सव्वा कोटीच्या आसपास ठिपके, आणि अर्जाला हवे आहेत अवघे ४६ हजार. हा हिशेब एकदा कळला की ‘फोटो अपलोड होत नाही’ या तक्रारीतले गूढच संपते. म्हणून पहिले प्रकरण पिक्सेल आणि केबी यांच्यातल्या फरकाचे आहे, आणि ते मी हलवणार नाही.

दुसरे प्रकरण सहीचे. पांढऱ्या कागदावरच्या सहीचा ट्यूबलाइटखाली फोटो काढला की कागद करडा दिसतो, एका कोपऱ्यात हाताची सावली पडलेली असते आणि शाई फिकट वाटते. अशा वेळी ‘लेव्हल्स’ ही उजेड-अंधार सुधारण्याची सोय उघडावी. तिथे कोणत्या उजेडाचे किती ठिपके आहेत हे दाखवणारा, डोंगराच्या आकाराचा एक आलेख दिसतो. त्याचे डावे टोक काळ्याचे म्हणजे ०, उजवे पांढऱ्याचे म्हणजे २५५. आलेखाखालचा उजवीकडचा त्रिकोण आत, कागदाच्या उंचवट्यापर्यंत ओढला की कागद पांढरा होतो आणि सावली बरीचशी विरते; डावीकडचा थोडा आत घेतला की शाई गडद होते. नंतर क्रॉप, मग आकार लहान, आणि सर्वांत शेवटी जेपीईजी म्हणून निर्यात, असाच क्रम ठेवावा. जेपीईजी चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन पाडून माहिती गाळते, त्यामुळे तीच फाइल पुन्हा पुन्हा उघडून सेव्ह करत राहिले तर सहीच्या कडेने धुळीसारखे ठिपके जमू लागतात. हे प्रकरण वाचून कोणाला लेव्हल्स जमले, तर उरलेल्या बटणांपैकी निम्म्यांची त्याला भीती वाटणार नाही, असे माझे मत आहे.

रंग आणि उजेड आपोआप सुधारणाऱ्या ‘ऑटो’ बटणावर मात्र मी मुद्दाम लांबण लावली आहे, आणि त्यासाठी मारबतीखेरीज, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मिरवणुकीने निघणाऱ्या काळ्या आणि पिवळ्या पुतळ्यांखेरीज, दुसरे उदाहरण मला सुचले नाही. काळी मारबत फोटोत भरून आली की कॅमेरा त्या गडद दृश्याला मधल्या करड्याकडे ओढतो आणि मारबत राखाडी दिसते. पिवळीच्या फोटोवर ऑटो दाबले तर सॉफ्टवेअर त्या पिवळेपणालाच दोष समजते, निळा रंग वाढवते आणि पिवळी मारबत फिकी पडते. यंत्राला काय ठाऊक की ती पिवळीच असायला हवी! कोणता रंग खरा, हे तिथे उभ्या असलेल्या माणसानेच ठरवायचे असते.

सॉफ्टवेअर म्हणून मी फोटोपी निवडले. इव्हान कुत्स्किर यांनी २०१३ मध्ये आणलेले हे साधन ब्राउझरमध्ये चालते, फोटोशॉपची पीएसडी फाइल उघडते आणि त्याचा खर्च मुख्यतः जाहिरातींवर निघतो. जाहिरातींची पट्टी बाजूला दिसत राहते, ती सहन करावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आपला फोटो त्यांच्या सर्व्हरवर जात नाही, काम आपल्याच संगणकावर होते. ‘मोफत केबी कमी करा’ असे सांगणाऱ्या अनोळखी संकेतस्थळांवर लोक आधार कार्ड आणि सही बिनदिक्कत चढवतात. माझ्या लेखी हा धोका वाईट फोटोपेक्षा कितीतरी मोठा आहे. आणि मोफत म्हणजे कुठवर मोफत, हेही लिहायला हवे. कॅनव्हा या ऑनलाइन डिझाइनच्या साधनात पार्श्वभूमी काढण्याची सोय प्रामुख्याने प्रो, म्हणजे पैसे भरणाऱ्या सदस्यांसाठी आहे. तासभर खपल्यानंतर ते कळण्यापेक्षा सुरुवातीलाच सांगितलेले बरे.

याचा सशुल्क कोर्स करा, असा सल्लाही मिळाला. ज्याने अर्जाचे शुल्कच कसेबसे जमवले आहे, त्याच्याकडून फोटो लहान करायला शिकवण्याचे पैसे घेणे मला पटत नाही. चेहरा गोरा आणि गुळगुळीत करण्याचे प्रकरण मात्र यात नसेल. त्याची मागणी सर्वांत जास्त आहे हे मान्य, पण ओळखपत्रावरचा चेहरा ओळखू यायला हवा, आणि बाकीच्या फोटोंसाठी मोबाइलमध्ये फिल्टरांची काही कमी नाही.

मार्गदर्शिका पीडीएफमध्ये येईल आणि मोबाइल डेटावर सहज उतरेल इतकी हलकी ठेवीन. कोणत्या अर्जात आपला फोटो किंवा सही नाकारली गेली आणि पडद्यावर नेमका काय संदेश आला, ते खाली लिहावे. फोटो स्वतः टाकू नये. त्या संदेशांवर एक स्वतंत्र प्रकरण करण्याचा विचार आहे.