किलोक लाख

आमच्या घरात वजनाचा विषय निघाला की सगळ्यांच्या नजरा माझ्या पोटाकडे जातात. त्यामुळे ‘मी वजन कमी करायचं ठरवलंय’ असं जेवताना जाहीर केल्यावर बायकोचा चेहरा उजळला आणि माझ्या पानाकडे निघालेला भाताचा डाव तिने परत पातेल्यात उलटा केला. ‘माझं नाही, गाडीचं,’ म्हटल्यावर तोच डाव पातेल्याच्या काठावर असा आपटला की पडवीतला कुत्रा उठून उभा राहिला.

गाडी म्हणजे गोव्याहून जुनी घेतलेली ट्रायम्फ स्ट्रीट ट्रिपल, ७६५ सीसी. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने कुडाळजवळच्या गावात असली गाडी का बाळगावी, हा प्रश्न गावाने विचारून सोडून दिला आहे. बायकोने सोडलेला नाही.

‘आधी स्वतः दहा किलो उतरा,’ ती म्हणाली. ‘फुकटात होईल.’

हा वार येणार हे मला माहीत होतं आणि उत्तर तयार होतं. गाडीचं वजन दोन जातींचं असतं. एक स्प्रिंगच्या वरचं, एक स्प्रिंगच्या खालचं. इंजिन, टाकी, सीट आणि सीटवरचा मी, हे सगळं वरचं. खड्डा आला की आम्हाला सांभाळायला शॉकअब्झॉर्बर आहे. चाक मात्र स्प्रिंगच्या खाली, ते बिचारं दर खड्ड्याला स्वतःच्या अंगावर वर-खाली होणार. ते जितकं जड, तितकं रस्त्याला चिकटून राहायला नाखूश. वर ते फिरतंही. कडेचं वजन फिरवायला किती जोर लागतो, त्यात त्रिज्येचा वर्ग येतो. तेव्हा चाकाच्या कडेचा एक किलो आणि माझ्या पोटाचा एक किलो यांची बरोबरीच होऊ शकत नाही. माझं पोट स्प्रिंगच्या वर आहे.

‘बरं,’ बायको म्हणाली, आणि तेव्हापासून तिसऱ्यांदा भात मागितला की ‘घ्या, स्प्रिंगच्या वरच जाणार’ म्हणते.

चाकं आली ती कार्बन फायबरची. कार्बनच्या धाग्यांचं कापड थरावर थर साच्यात बसवतात, रेझिनने जखडतात आणि दाबाखाली भाजतात. वरचं वार्निश पारदर्शक, त्यातून विणकाम दिसतं. आईने खोका उघडल्या उघडल्या बोट फिरवलं.

‘ह्यां काय हाडलंस? काळी चटई?’

शेजारच्या काकांचा काजूचा धंदा. त्यांच्या काट्यावर जुनी अॅल्युमिनियमची आणि नवी अशी दोन्ही जोड्या चढवल्या. फरक तीन किलो चारशे ग्रॅम. मी काट्याचा फोटो काढत होतो तेव्हा काकांनी सहज विचारलं, ‘पैशे किती दिलंस?’

कस्टम धरून साडेतीन लाख. आवाज शक्य तितका बारीक करून सांगितलं.

काकांनी मनातल्या मनात भागाकार केला. काजूवाले हे फार जलद करतात. ‘म्हंजे किलोक लाख! अरे, इसवण हजार-बाराशेक गावता. ती पोटात तरी जाता.’ इसवण म्हणजे सुरमई. मग थोडं थांबून, खऱ्या काळजीने, ‘आणि ह्यां वजन तुका गावलां नाय, गेलां! नाय त्या वजनाचे पैशे दिलंस तू?’

या प्रश्नाला भौतिकशास्त्रात उत्तर आहे, पण ते काजूच्या काट्यासमोर उभं राहून देता येत नाही.

पुढचा प्रश्न टायरचा. मागे १८०/५५, पुढे १२०/७०, दोन्ही १७ इंची; पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. मागे १९० घालायची हुक्की आली होती, दिसायला रुबाबदार. पण साडेपाच इंची रिमवर १९० चं टायर दोन्ही कडांनी आत दबतं आणि त्याचा आकार बिघडतो, म्हणून गप्प बसलो. रेसवाल्यांचं मऊ, कमी खाचांचं टायर हलकं असतं. पण कोकणात चार महिने पाणी तुडवायचं म्हणजे खाचा हव्यात आणि ओल्यात पकडणारं सिलिकाचं रबर हवं. असलं टूरिंगचं टायर थोडं जड. म्हणजे रिमवर वाचवलेलं वजन टायरवर थोडं परत आलंच, तेही अगदी बाहेरच्या कडेला, जिथे त्रिज्या सगळ्यात मोठी. काकांच्या हिशेबाने चाळीस-पन्नास हजार तिथेच गेले. मी त्यांना सांगितलेलं नाही.

बायकोने टायरवरचं ‘७३डब्ल्यू’ वाचलं आणि अर्थ विचारला. ७३ म्हणजे हे टायर ३६५ किलो पेलतं, डब्ल्यू म्हणजे ताशी २७० किलोमीटरपर्यंत टिकतं. दुसऱ्या आकड्यावर ती काही बोलली नाही. पहिला ऐकून ‘मग हरकत नाही, तुम्हाला होईल’ म्हणाली.

गावच्या पंक्चरवाल्याने लोखंडी पहार उचललेली बघूनच मी चाकं घेऊन पळालो. कार्बनच्या रिमला लोखंड लावायचं नसतं. जबड्यांना प्लास्टिकची टोपणं असलेलं मशीन म्हापशाला होतं. चाकं आईच्या जुन्या लुगड्यांत गुंडाळून एसटीत बसलो. कंडक्टर म्हणाला, ‘लगेज काढूक व्हया.’ एक चाक उचलून बघितलं, दुसऱ्या हाताने तोललं. ‘ह्यां खेळण्यातलां काय? रवांदे.’ साडेतीन लाखांचा पहिला परतावा.

म्हापशाच्या पोराने साबणाचं पाणी लावलं, टायर चढवलं, हवा मारली. कडा रिमवर बसताना ‘फट्ट’ आवाज झाला आणि माझा एक ठोका चुकला. मग त्याने चाक बॅलन्सरवर फिरवलं, थांबवलं, आणि आतल्या बाजूला छोटे शिशाचे तुकडे चिकटवले. पंधरा ग्रॅम. किलोमागे लाख देऊन काढलेलं वजन हा माणूस माझ्यासमोर परत लावत होता, आणि त्याचे वेगळे पैसे घेत होता. परतीच्या एसटीत टायरसकट चाकं वर चढवताना कंडक्टरच वाकडा झाला. मुकाट्याने लगेज काढलं.

बेअरिंग, रबर, डिस्कचे बोल्ट बसवण्यात दोन दिवस गेले, त्यावर बोलण्यासारखं काही नाही. पण पहिल्या रविवारी पहाटे, आधी शंभर किलोमीटर हळू चालवून नव्या टायरचा गुळगुळीतपणा घालवल्यावर, सावंतवाडीवरून आंबोली घाटात शिरलो आणि खरं सांगतो, हसू आलं. पूर्वी वळणात ढकलावी लागायची ती गाडी आता मी वळणाचा विचार केला की वळत होती. म्हैस नेऊन पाडस आणल्यासारखं. वर पोहोचून चहा प्यालो आणि काका मनातल्या मनात खोटे पाडले.

उतरल्यावर, सपाट रस्त्यावर, ट्रकच्या सावलीत एक खड्डा होता. न्हाणीघरातल्या घंगाळाएवढा.

अॅल्युमिनियमचं रिम वाकतं, ते ठोकून थोडंफार सरळ करता येतं. कार्बन वाकत नाही, तडकतं, आणि कधी कधी आतल्या आत. ते तपासायची एक रीत म्हणजे नाण्याने टकटक करत जायचं. थर सुटला असेल तर आवाज बद्द येतो. त्या रात्री मी पडवीत रुपया घेऊन रिमला कान लावून बसलो. टक, टक, टक. बायको दारात येऊन बराच वेळ बघत राहिली.

‘पिकलाय का?’

चाक शाबूत होतं. पण तेव्हापासून ज्या गाडीचं टायर २७० ला टिकतं ती मी पंचविसाने चालवतो. शाळेच्या मुली स्कूटीवरून पुढे जाताना वळून बघतात. रोज घरी आलो की फणस वाजवणं चालूच.

मे संपत आला तेव्हा मी शहाणपणाचा निर्णय घेतला. पावसाळ्यापुरती जुनी चाकं लावायची, गणपतीनंतर पुन्हा नवी. जुनी चाकं शोधायला मागे गेलो. आईने आगोटीची, म्हणजे पावसाआधीची, तयारी उरकली होती. लाकडांच्या खोपीवर निळा प्लास्टिकचा कागद घातला होता, आणि कागदाच्या दोन टोकांवर, नीट दोरीने बांधून, माझी जुनी चाकं.

‘आये, ती चाकं हवी होती गो.’

‘हात लावू नको हां. बरी जड आसत. वादळ इलां तर कागद उडतलो.’ मग तिलाच वाईट वाटलं असावं. ‘तुका व्हयीच तर ती नवी ठेव तिकडे.’

ती नवी कागदाच्या आधी उडतील, हे माझ्या तोंडून निघून गेलं. आईने माझ्याकडे बघितलं. काकाही कुंपणापलीकडून बघत होते, आणि ते काय भागाकार करतायत ते मला कळत होतं.

सध्या मी शिडीवरून खोपीवर जांभ्याचे चिरे चढवतोय, एका चाकामागे एक. पहिल्याच चिऱ्याला कमरेत चमक भरली. ती स्प्रिंगच्या वर आहे की खाली, असं बायको खालून विचारतेय.