तिसरा रकाना

ऑनलाइन शैक्षणिक साहित्य तपासायचं म्हणजे आधी ते उघडावं लागतं, आणि निम्मी मंडळी तिथंच गारद होतात. अप्पा बळवंत चौकात गाईड मागितलं तर दुकानदार पैसे मागतो, ओटीपी नाही. इथं मात्र प्रकाशाचं परावर्तन बघायला नाव, मोबाइल, पालकांचा मोबाइल आणि पिनकोड. मी इमानदारीत सदाशिव पेठेचा ४११०३० टाकला. पाच मिनिटांत फोन.

"सर, मुलगा कितवीत आहे?"

"मुलगा नाही. मी शिक्षक आहे."

"मग फॅमिली पॅक घ्या ना!"

हे लोढणं गळ्यात आलं ते प्राचार्यांमुळे. अकरावीच्या मुलांना भौतिकशास्त्राच्या चांगल्या लिंकांची यादी द्यायची, म्हणून मला तपासणी समितीचा अध्यक्ष केलं. समितीत दुसरं कुणी नाही, त्यामुळे ठराव एकमतानं होतात. निकष मी उसने आणले. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीनं १९९७ साली ‘मर्लॉट’ नावाचा संग्रह सुरू केला. तिथं प्राध्यापकच साहित्य तपासतात, तेही तीन अंगांनी: मजकुराचा दर्जा, शिकवताना उपयोग आणि वापरायला किती सोपं. मीही तीन रकाने आखले.

पहिल्या रकान्यात माझा हात सढळ. अंतर्वक्र आरसा बहुतेकांनी बरोबर काढलेला असतो. रडकथा तिसऱ्याची. एका सरांच्या नोट्स जुन्या मराठी फॉन्टात टाइप केलेल्या. तो फॉन्ट माझ्याकडे नाही, त्यामुळे अख्खा धडा टक्के, डॉलर आणि उद्गारचिन्हांत उमटला. दुसरीकडे पांढऱ्यावर पिवळी अक्षरं. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं प्रमाण किमान ४.५:१ हवं, असा वेबच्या सुगम्यतेचा दंडक आहे. इथं बाई वाचून दाखवत होत्या, म्हणून कळलं की काहीतरी लिहिलंय.

स्वाध्यायांची तऱ्हा आणखी वेगळी. नाभीय अंतर काढा. मी ‘२० सेंमी’ लिहिलं. चूक. ‘०.२० मीटर’ लिहिलं. चूक, धडा पुन्हा वाचा. ‘०.२’ लिहिल्यावर पडद्यावर फुगे उडाले. सार्थ अंकांवरून, म्हणजे ‘०.२०’मधलं शेवटचं शून्य गाळलं म्हणून, पोरांचे अर्धे-अर्धे गुण कापण्यात माझी हयात गेली!

मग भाचीला बसवलं. ती यंदा अकरावीला. विषय येणाऱ्यानं सोपेपणा तपासू नये, त्याला सगळंच सोपं वाटतं. तिला तासाभराचा व्हिडिओ लावून दिला. फिरता लोगो, तुतारी, मग संस्थेचा इतिहास. तिनं बोट थेट मध्यावर नेलं.

"मामा, पट्टीवर हा डोंगर दिसतोय ना? सगळे इथूनच बघतात." आणि वेग दुप्पट केला.

"अगं, कळतंय का काही?"

"साध्या स्पीडला झोप येते."

एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरच्या लाखो व्हिडिओ-सत्रांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ६ मिनिटांच्या आतले व्हिडिओ विद्यार्थी सर्वांत टिकून बघतात असं दिसलं. भाचीच्या हिशेबानं तेही तिनात आटपतात. तिसरा रकाना मी तिच्याच हवाली केला. शेरे वाचण्यासारखे आहेत. ‘छान, पण बॅक केलं की लॉगआउट.’ ‘जाहिरात जास्त समजली.’

अहवाल दोन पानांत बसवला. प्राचार्यांनी मन लावून चाळला.

"उत्तम! पण हल्लीची मुलं वाचतात कुठं? याचा एक व्हिडिओ करून टाका. तासाभराचा तरी हवा."