शंका बोलायची कुठे?

भाचीला मुंबईत इस्लामी तत्त्वज्ञान शिकायचंय, एवढ्यावरून दाभोळला आमच्या पडवीत दोन आठवडे वाद पेटलाय. शेजारचे मास्तर म्हणतात, "त्यात शिकायचं काय? तिथे शंकेला जागाच नाही." मेहुणे म्हणतात, "शंका आली की ईमान गेलं." एरवी कशावरच न जमणाऱ्या या दोघांचं इथे बरं एकमत झालं! फोनवर ऐकताना माझं डोकं तापतं.

दोघांनीही गझाली, तो अकराव्या शतकातला मोठा इस्लामी विचारवंत, वाचलेला नाही. आम्ही कोकणी मुसलमान शाफई, म्हणजे इस्लामी कायद्याच्या शाफई पंथाचे, तोही शाफईच. १०९५ साली बगदादच्या निजामिया मदरशातली मानाची जागा सोडून तो निघून गेला. त्याला आधी डोळ्यांवरच शंका आली, हे त्यानेच लिहून ठेवलंय. सावली थांबलेली दिसते, तासाभराने पाहावं तर सरकलेली. तारा दिनाराएवढा दिसतो, भूमिती सांगते पृथ्वीहून मोठा. मग अकलेवर तरी भरवसा का ठेवावा? स्वप्नातही सगळं खरंच वाटतं. जवळजवळ दोन महिने तो या दुखण्यात होता आणि बरा झाला तो युक्तिवादाने नव्हे, अल्लाहने काळजात टाकलेल्या प्रकाशाने. हे उत्तर मलाही पुरतं पटत नाही. पण प्रश्न विचारला गेला, शंकेपासून सुरुवात करणाऱ्या फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तच्या पाचशेहून जास्त वर्षं आधी. पुढे इब्न रुश्द या दुसऱ्या मुसलमान तत्त्वज्ञाने गझालीच्या तत्त्वज्ञांवरच्या टीकेला मुद्द्यागणिक उत्तर दिलं. आणि म्हणे शंकेला जागा नाही!

सावलीचं ते वाचताना मला आमचं अंगण दिसलं. मे महिन्यात दादी सोलं वाळत घालायची. माडाची सावली सरकताना तिला कधी दिसली नाही, पण सोलांवर फिरवलेला हात गार लागला की ती चटई दोन हात पुढे ओढायची.

इथे नेदरलँड्समध्ये, लायडनच्या विद्यापीठात अरबीचं अध्यासन १६१३पासून आहे. सायकल लावावी, आत जाऊन पुस्तक मागावं, कोणी ईमान विचारत नाही. हे मी घरी दहादा ऐकवलंय, आवाज चढवून. पण इथल्या वर्गात बुरख्याचा विषय निघाला की सगळे डोळे माझ्याकडे वळतात आणि मी अख्ख्या उम्मतचा, जगभरच्या मुसलमानांचा, वकील होतो. माझी एकही शंका तिथे तोंडातून निघत नाही. ती बोलायला मला धोपाव्याच्या फेरीबोटीची वाट बघत दाभोळच्या धक्क्यावर बसलेली आपली माणसंच हवीत. म्हणून तर पोरीने मुंबईतच शिकावं, तिथेच भांडावं.

काल मेहुण्यांना म्हटलं, "तिला जाऊ द्या." ते म्हणाले, "तुझं काय जातंय, तू तिथे बसलायस." मला उत्तर सुचलं नाही. एकोणीस वर्षांपूर्वी त्याच पडवीत अब्बांनी विचारलं होतं, "नमाज का सोडलीस?" मी परीक्षेचं निमित्त सांगितलं होतं.